विसणाचा तांब्या

भादव्याचं ऊन पडायला लागलं की आमच्या पनवेलच्या आळीत तीन वास एकत्र येतात. पोटरीला आलेल्या भाताचा दुधाळ वास खाडीकडच्या वाऱ्याबरोबर येतो. तळ्याच्या काठावर सुकत चाललेल्या शेवाळाचा वास दुपारी चढतो. आणि सकाळ-संध्याकाळ घराघरातून उकळलेल्या पाण्याचा वास येतो. पाण्याला वास नसतो असं मी शाळेत शिकलो होतो आणि परीक्षेत लिहिलंही होतं. पण अ‍ॅल्युमिनियमच्या टोपात वीस मिनिटं खळखळलेल्या पाण्याला वास असतो. किंचित धुरकट, किंचित धातूचा. ज्यांनी तो भाद्रपद पाहिला त्यांना तो लगेच ओळखू येतो.

यंदाही गणपती जाऊन आठ दिवस झाले. कोपऱ्यातला रिकामा चौरंग अजून उचलायचा राहिलाय. गौरीच्या तेरड्याच्या पाकळ्या झाडूला पुरून उरतात, रोज दोन-चार सापडतातच. सकाळी सुमननं, म्हणजे माझ्या बायकोनं, स्टोव्हवर टोप ठेवला आणि घड्याळाकडे पाहिलं. दहा वर्षं ती पाहतेय. मीही पाहतो. वीस मिनिटं झाली की दोघांपैकी एक जण "झाली" म्हणतो. एवढंच. पण त्या एका शब्दामागे एक अख्खा ऋतू उभा आहे, आणि त्यात जानकीबाई घरत, त्यांची मुलगी कुंदा आणि गिरणीच्या भिंतीवरचा एक फळा आहे.

फळा माझा होता. म्हणजे लाकूड गिरणीवाल्या इस्माईलभाईंचं, काळा रंग माझा आणि खडूही माझे. तीन फूट बाय दोन फूट. त्यावर माझ्या अक्षरात नऊ ओळी मावत. मी तेव्हा तळोज्याच्या एका कारखान्यात स्टोअरला होतो. कुठल्या फडताळावर काय आहे आणि किती आहे हे कार्डावर लिहून लावायचं, हेच काम. आळीतल्या दोन मुलींचे तंत्रनिकेतनचे अर्ज केवळ शेवटची तारीख माहीत नव्हती म्हणून राहिले. हे कळलं त्या संध्याकाळी मला वाटलं, लोखंडी बोल्टांसाठी आपण एवढं लिहितो, तर आळीतल्या पोरांसाठी चार ओळी लिहायला काय हरकत आहे? गिरणीची भिंत निवडली कारण तिथे प्रत्येक घरातलं कोणी ना कोणी आठवड्यातून एकदा तरी डबा घेऊन उभं असतंच. फळ्याचे मी दोन भाग केले. डावीकडे तब्येत, उजवीकडे संधी. डावीकडे लसीची तारीख, मच्छरदाणी, ताप आल्यावर काय करायचं. उजवीकडे टायपिंगचा वर्ग, शिवणकाम, अर्ज कुठे मिळतात. नियम एकच ठेवला होता. स्वतः जाऊन विचारल्याशिवाय एक ओळही लिहायची नाही.

गिरणीचं पीठ उडून फळ्यावर बसे. सोमवारी लिहिलेलं गुरुवारपर्यंत धुक्यात गेल्यासारखं दिसे. मग मी ओलं फडकं घेऊन जाई. इस्माईलभाई म्हणत, "साहेब, तुमची अक्षरं आमच्या बाजरीनं गोरी झाली." ते पनवेलचेच, पिढ्यान् पिढ्या. मराठी आमच्यासारखंच बोलत, फक्त चिडले की हिंदीत जात.

फळा वाचायला येणारी माणसं थोडी होती, पण ऐकणारी पुष्कळ. ते कुंदामुळे. घरत मंडळी उलव्याकडच्या मिठागरावरची. वडील बळीराम मिठाच्या हंगामात तिकडेच असत. मुलांच्या शाळेसाठी जानकीबाईंनी आमच्या आळीत दोन खोल्या घेतल्या होत्या. कुंदा दहावी झालेली, अठराची, उंच आणि सावळी. दळण ठेवून नंबर लागेपर्यंत ती फळ्यासमोर उभी राही आणि न सांगता मोठ्यानं वाचत असे. बायका गप्प होऊन ऐकत. एखादीनं मध्येच "म्हंजे काय गो?" असं विचारलं की कुंदा माझी अडीच ओळींची सूचना तिच्या अर्ध्या वाक्यात सांगून टाकी. मी ते कान देऊन ऐकत असे. पुढच्या वेळी तसंच लिहिण्याचा प्रयत्न करत असे. जमलं असं नाही.

दहा वर्षांपूर्वी श्रावण संपता संपता आळीत कावीळ आली. आधी तीन घरं, मग पाच. नळाला दिवसाआड पाणी, त्यामुळे सगळ्यांची भिस्त आळीतल्या विहिरीवर, आणि पावसाचं गढूळ पाणी तिच्यात उतरलेलं. आमच्या कोपऱ्यावरच्या डॉक्टरांना मी जाऊन विचारलं. ते म्हणाले, "पाणी उकळून प्या म्हणावं. उकळी फुटल्यावर वीस मिनिटं. बाकी काही लिहू नका, लोक गोंधळतात." मी लिहिलं. डावीकडे, मोठ्या अक्षरात. त्याच आठवड्यात उजवीकडे एक ओळ होती. दहावी पास मुलींसाठी आरोग्यसेविकेचं प्रशिक्षण, अर्ज तालुक्याच्या कचेरीत. कुंदानं ती तीनदा वाचली. तिसऱ्यांदा मनातल्या मनात.

अर्ज आम्ही भरला. मुलाखतीचं पत्र आलं, जिल्ह्याच्या गावी, अलिबागला. घरी फारशी खुशी झाली नाही. मोरा बंदरावरचं एक स्थळ सांगून आलं होतं, मुलाची बोट होती. बळीरामनं मुलीला एक संधी दिली होती आणि तीही मोजून. "यंदा झाला तर झाला. नाय तर देवदिवालीच्या आत लगीन." कुंदा मला म्हणाली, "काका, आबा शब्दाचे पक्के हायत. दोन्ही बाजूंनी."

गणपती आले, गौरी आल्या. एरवी गणपतीत पनवेलच्या आळ्या कशा फुललेल्या असतात. शिराळी, चिबूड, काकड्यांचे ढीग, उकडीच्या मोदकांची वाफ, दारोदार आरतीला फिरणारी पोरं. त्या वर्षी तीर्थ हातावर घेताना लोक थबकत. मी वहीत घरं मोजत होतो. आळीत एक्केचाळीस घरं. विसर्जनापर्यंत कावीळ अकरा घरांत पोचली. मला कळेना. पाणी उकळण्याबद्दल फळ्यावर लिहून तीन आठवडे झाले होते. ज्याला विचारावं तो म्हणे, "हो, उकळतो ना." स्टोअरमध्ये कार्ड बरोबर आणि माल कमी असं झालं की फडताळं पुन्हा मोजतात, तशी मी वहीतली घरं पुन्हा मोजत होतो.

अनंत चतुर्दशीच्या दुसऱ्या दिवशी कुंदाचे डोळे पिवळे झाले. मुलाखतीला अकरा दिवस होते.

संध्याकाळी कारखान्यातून येताना मी गिरणीकडे पाहिलं. फळा स्वच्छ होता. ओला, काळाभोर, एक अक्षर नाही. पाण्याचं गेलं होतं, प्रशिक्षणाचंही गेलं होतं.

"जानकीबाय आली होती," इस्माईलभाई पट्टा थांबवून म्हणाले. "बोलली काही नाही. दळण ठेवलं, पदर बादलीत भिजवला आणि पुसून काढलं. मी म्हटलं, अहो बाय, पाण्याचं पुसा हवं तर, नोकरीचं तरी राहू द्या. तर म्हणते, एकाच खडूनं लिवलंय ना?"

मला राग आला नाही. लाज वाटली. तिचं बरोबर होतं. एका माणसानं, एका फळ्यावर, एकाच हातानं दोन गोष्टी लिहिल्या. त्यातली एक मानली आणि पोर आजारी पडली. मग दुसरी कशाला मानायची? पोरीला पिवळ्या डोळ्यांनी एवढ्या लांब कशाला न्यायचं?

दुसऱ्या दिवशी मी त्यांच्याकडे गेलो. समजूत घालायला नाही, नुसतं पाहायला. कुंदा खाटेवर पडून होती, उशाशी फुटाण्यांची वाटी. मनगटाला कुठल्याशा गावाहून आणलेला दोरा होता. तिथे चुन्याच्या पाण्यात हात धुऊन कावीळ उतरवतात. डॉक्टरांनी त्याला हरकत घेतली नव्हती. "हात हवे तितके धुवा, पोटात मात्र तिथलं काही घ्यायचं नाही," एवढंच ते म्हणाले होते.

जानकीबाई माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "भाऊ, तुमी लिवलं तसाच केला आमी. रोज. घड्याल शेजारून मागून आनला."

"मला एकदा करून दाखवाल?" मी विचारलं.

त्यांना ते अपमानासारखं लागलं असावं. पण उठल्या. टोप स्टोव्हवर ठेवला. आम्ही दोघं पाणी पाहत राहिलो. उकळी फुटली, वीस मिनिटं पुरी झाली, एक मिनिट वरच. टोप खाली उतरवला. मग त्यांनी सहज, न बघता, जसा आपण दार ओढून घेतो तसा, कोपऱ्यातल्या कळशीत तांब्या बुडवला आणि भरलेला तांब्या त्या उकळलेल्या पाण्यात ओतला. बुडबुडे थांबले. वाफ बसली.

"हे काय घातलंत?"

"विसन," त्या म्हणाल्या. जणू मी त्यांना त्यांचं नाव विचारलं होतं. "कढत पान्याला विसन घातल्याबिगर हात लावतो का कोनी?"

खरंच, कोण लावतो? आंघोळीच्या बंबाशेजारी थंड पाण्याची बादली ठेवून आपण सगळे वाढलो. कढत पाणी आणि विसण ही आपल्याकडे जोडीच आहे. आईनं लहानपणी अंगावर पहिला तांब्या घालण्याआधी त्यात हात फिरवून विसण बेताचं झालं का ते पाहिलेलं असतं. विसण न घालता पाणी पुढे करणं म्हणजे हयगय, प्रेमात कसूर. जानकीबाई पोरीसाठी पाणी उकळत होत्या, आणि पोरीवर माया म्हणून त्यात विहिरीचं कच्चं पाणी घालत होत्या.

मला आमचं स्वयंपाकघर आठवलं. "जरा घरी जाऊन येतो," म्हटलं. घरी सुमन भिजवलेले वाल सोलत होती. मी विचारलं, "आपण पाणी उकळलं की पुढे काय करतो?"

"माठात ओततो."

"कढतच?"

"अहो, कढत ओतून माठ तडकवू का? आधी तळाला दोन तांबे गार पाणी घालते, मग ओतते."

मी तिला जानकीबाईंच्या तांब्याचं सांगितलं.  सोललेला वाल तिच्या हातातच राहिला. फळ्यावरची सूचना ज्या घरातून निघत होती, त्या घराच्याच माठात तळाला दोन तांबे. आमच्याकडे कोणाला कावीळ झाली नाही, ते निव्वळ नशीब.

"लोकांना तीन आठवडे सांगत फिरलात," सुमन म्हणाली. "एकदा स्वयंपाकघरात यायचं होतं."

मग तीच माझ्याबरोबर घरतांकडे आली. तेच बरं झालं. मी एकटा असतो तर आकडे सांगत बसलो असतो. तिनं जानकीबाईंच्या शेजारी जमिनीवर बसकण मारली आणि म्हणाली, "जानकीबाई, माझ्या घरी पण तेच हो. तुम्ही वरून घातलंत, मी खालून."

जानकीबाईंनी कळशीजवळचा तांब्या उचलून बाजूला ठेवला. मी म्हटलं, "चूक तुमची नाही. मी उकळायचं लिहिलं, पुढचं लिहिलंच नाही. अर्धंच लिहिलं." हेही सांगून टाकलं की डॉक्टरांच्या म्हणण्याप्रमाणे कावीळ दिसायच्या कितीतरी दिवस आधी पोटात शिरलेली असते. कुंदाला ती विसणातून झाली की आधीच्या पाण्यातून, हे कोणालाच सांगता येणार नाही. माझा हिशोब तिथे थांबतो. दहा वर्षांनंतरही तिथेच थांबलेला आहे.

खाटेवरून कुंदाचा आवाज आला. बारीक, पण गिरणीत फळा वाचताना असायचा तसाच. "काका, तुम्ही लोकांना उकळता का असं विचारता. कोण नाय म्हणेल? उकळल्यावर काय करता ते विचारा."

रविवारी मी आणि सुमन गिरणीपाशी उभे राहिलो आणि तेवढंच विचारलं. एक्केचाळीस घरांपैकी तेहतीस घरं पाणी उकळत होती. अगदी मनापासून. त्या तेहतिसांतल्या सतरा घरांत विसण घालत, नऊ घरांत माठ तडकू नये म्हणून तळाला गार पाणी. सगळी मिळून सव्वीस. रांगेतल्या बायका आधी हसल्या, मग एकमेकींना "तू वरून की खालून?" असं विचारू लागल्या. इस्माईलभाईंनी गिरणी बंद केली आणि आत जाऊन आपल्या घरी विचारून आले. बाहेर आल्यावर माझ्या वहीकडे बोट दाखवून म्हणाले, "माझी रेघ माठवाल्यांत मारा."

त्या संध्याकाळी डावीकडच्या भागात मी लिहिलं: पाणी वीस मिनिटं उकळा. झाकून त्याच भांड्यात गार होऊ द्या. विसण घालू नका. उजवीकडे प्रशिक्षणाची ओळ लिहायला खडू उचलला आणि थांबलो. जानकीबाई रांगेत होत्या.

"लिवा," त्या म्हणाल्या. मग पुढे येऊन हलक्या आवाजात, "भाऊ, पान्याचा अर्धाच होता. या नोकरीचापन अर्धाच असंल तर? तुमी येता का संगती, पुरा बघाय?"

तर असे आम्ही तिघं पितृपक्षात अलिबागच्या एसटीत बसलो. बळीरामनं जाताना एवढंच म्हटलं होतं, "पितरपाखात चांगल्या कामाला कोन जातं? पन तारीख त्यांची हाय." डॉक्टरांनी परवानगी दिली होती ती बसून जाण्याची आणि परत येऊन झोपण्याची. कुंदा खिडकीशी. डोळ्यांतला पिवळेपणा उतरला होता, गेला नव्हता. पेण मागे पडलं तसं दोन्ही बाजूंना भात नुसतं हिरवं नव्हतं, वरून किंचित पिवळं होऊ लागलेलं. जानकीबाईंच्या मांडीवर पाण्याची बाटली होती, रात्रभर झाकून गार केलेल्या पाण्याची. ती त्यांनी पिशवीत ठेवली नाही. तान्हं मूल धरावं तशी वडखळपर्यंत धरून बसल्या होत्या, वडखळनंतरही.

मुलाखतीच्या खोलीत आम्हाला सोडलं नाही. आम्ही व्हरांड्यात बाकावर. काय झालं ते कुंदानं परतीच्या एसटीत सांगितलं. समोर तिघं होते, मध्ये एक बाई. बाईंनी पहिल्यांदा डोळेच पाहिले.

"म्हणाल्या, आरोग्यसेविका व्हायला आलीस आणि स्वतःच कावीळ घेऊन?"

"मंग तू काय बोल्लीस?" जानकीबाई.

"मी म्हटलं, हो. आमच्या आळीत झाली. मग तुझं सांगितलं."

"माजा काय?"

"विसनाचं."

जानकीबाईंनी कपाळावर हात मारला. "सगल्या अलिबागेत सांगून आली गो माजं."

"ऐक तर. बाई हसल्या नाहीत. त्यांनी पेन खाली ठेवलं. म्हणाल्या, तुला गावात पाठवलं तर काय सांगशील लोकांना? मी म्हटलं, आधी सांगणार नाही. आधी चुलीपाशी बसेन आणि बघेन, उकळल्यावर काय करतात ते."

जानकीबाईंनी बाटलीचं झाकण पुन्हा घट्ट केलं. मग जानकीबाई म्हणाल्या, "आनि माजा नाव सांगितलास?"

"नाय सांगितलं."

"सांगायचा व्हता," त्या म्हणाल्या आणि खिडकीबाहेर बघू लागल्या.

यादी लागली तेव्हा कुंदाचं नाव निवडलेल्यांत नव्हतं. प्रतीक्षायादीत तिसरं होतं. मी तोंडानं म्हटलं की तिसरं म्हणजे चांगलंच. मनातून मला खात्री नव्हती. दसरा गेला. नवं भात घरात आलं, चुलीवर पेजेचा वास आला. मिठागरावर बांध घालायची तयारी सुरू झाली आणि बळीराम तिकडे जायला निघाला. मोऱ्याहून एकदा माणूस येऊन चहा पिऊन गेला. आळीतली कावीळ उतरली होती. शेवटच्या तीन आठवड्यांत नवं एकही घर माझ्या वहीत चढलं नव्हतं. ते विसण थांबल्यामुळे की पाऊस थांबल्यामुळे, हे मी ठामपणे सांगणार नाही. कुंदा परत गिरणीत उभी राहून फळा वाचू लागली, पण उजवीकडचा भाग मात्र ती वाचत नसे. सरळ डब्याकडे जाई.

भाऊबीज होऊन दोन दिवस झाले होते. जानकीबाई आमच्या दारात आल्या. हातात लांबट खाकी पाकीट, न फोडलेलं. कुंदा मावशीकडे गेली होती.

"वाचा," त्या म्हणाल्या. "पुरा वाचा. खालचापन."

मी पत्र वाचलं. निवड झालेल्यांपैकी काही मुली हजर झाल्या नाहीत, सबब. मग तारीख, ठिकाण, बरोबर आणायच्या वस्तू, दोन सुती साड्या, थाळी, वाटी. त्यांची नजर कागदावरून हलेना, म्हणून मी वाचत गेलो. सहीखालचा हुद्दा वाचला, प्रत माहितीसाठी कोणाकोणाला ते वाचलं, जावक क्रमांक वाचला. पाकिटावरचा शिक्का वाचला.

"झाला?"

"झालं. पुरं आहे."

मग त्या तिथेच उंबऱ्यावर बसल्या. सुमननं पाणी आणून दिलं. त्यांनी तांब्या तोंडाशी नेला, थांबल्या, आणि सुमनकडे पाहिलं. सुमन म्हणाली, "प्या. खालून पण नाही घातलंय."

आता कामोठ्याकडे इमारतींच्या रांगा उठताहेत. नवी माणसं मुंबईहून, पुण्याहून येताहेत, आणि त्यांच्या घरी पाणी गाळायची यंत्रं आहेत. आमच्या विहिरीवर जाळी बसली. गिरणी इस्माईलभाईंचा मुलगा बघतो. कुंदा इथून दोन तासांवरच्या एका खेड्यात नोकरी करते. तिथे तिला सगळे ताई म्हणतात. मोऱ्याचा तो मुलगा दोन वर्षं थांबला, तेव्हा लग्नही त्याच्याशीच झालं. गौरीला कुंदा माहेरी आली होती. आमच्या स्वयंपाकघरात शिरून माठावरचं झाकण उचलून पाहिल्याशिवाय तिनं पाणी घेतलं नाही. सुमन म्हणाली, "बघ बाई बघ, दहा वर्षं परीक्षा चाललीय माझी."

फळा तोच आहे. रंग चारदा दिला. काल रविवारी मी भाद्रपदाची ओळ लिहीत होतो, विसण घालू नका. मागे जानकीबाई दळण घेऊन उभ्या होत्या. केस पांढरे झालेत, आणि त्यात पिठाचे कण.

"डावीकडचा मला पाठ हाय," त्या म्हणाल्या. "उजवीकडं काय लिवताय?"

"आरोग्यसेविकेचं. पुढच्या महिन्यात अर्ज निघताहेत."

"माज्या भावाची पोर यंदा दहावी झाली. तिला घेऊन येते." मग त्या मागे सरल्या, रांगेच्या शेवटापर्यंत, डोळे बारीक करून फळ्याकडे पाहू लागल्या. त्यांना अजून वाचता येत नाही. "भाऊ, अक्षर मोठा काढा," तिथून म्हणाल्या. "मला नाय कलला तरी चालंल. पन हितून दिसाय पायजे."

मी पुसलं आणि मोठ्या अक्षरात लिहायला घेतलं. नऊ ओळींच्या जागी पाचच मावल्या.